खडकीचा कंठ, दौंडचा कान : भीमाकाठच्या बिनतारी जाळ्यांची गोष्ट

इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे भीमेच्या काठावरचे जुने गाव. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्यात त्याचे जुने गावठाण आणि पळसनाथाचे दगडी मंदिर पाण्याखाली गेले. दुष्काळी वर्षात पाणी ओसरले की मंदिराचे शिखर वर येते आणि पाहायला गर्दी होते. पावसाळ्यात मात्र साऱ्या उजनीकाठाचे लक्ष एका आकड्याकडे लागलेले असते : ‘दौंडचा विसर्ग’. सह्याद्रीत पडलेला पाऊस मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी, भामा अशा वाटांनी भीमेला मिळतो, आणि ते सारे पाणी दौंडवरून पुढे उजनीत उतरते. दौंडला किती क्युसेक वाहते आहे हे कळले, की पळसदेवपासून पंढरपूरपर्यंत पुढे काय होणार याचा अंदाज बांधता येतो.

पाण्याआधी त्याची वार्ता पोहोचली पाहिजे. ती कशी पोहोचते आणि कधी पोहोचत नाही, हा या धाग्याचा विषय. एखादे यंत्र किती शक्तिशाली आहे, याइतकेच महत्त्व कोण कोणाशी जोडलेले आहे या गोष्टीला असते. या भागाचा इतिहास ते फार चांगले शिकवतो, आणि त्या शिकवणीची सुरुवात योगायोगाने दौंडलाच होते.

सन १९२७. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने मुंबई इलाख्यातून थेट इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू केली. मार्कोनी कंपनीची ही ‘बीम’ पद्धत त्या काळी अगदी नवी होती. लघुलहरी चहूकडे न उधळता, उंच मनोऱ्यांवर ताणलेल्या तारांच्या पडद्यांनी त्यांचा झोत बांधायचा आणि तो नेमक्या दिशेला सोडायचा. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. इंग्लंडच्या बाजूला ग्रिम्सबीजवळून संदेश निघे आणि स्केग्नेसजवळ संदेश घेतला जाई. हिंदुस्थानच्या बाजूला संदेश पाठवणारे केंद्र पुण्याजवळ खडकीला होते, आणि ऐकणारे केंद्र दौंडला.

बोलणारे केंद्र एकीकडे आणि ऐकणारे दुसरीकडे, मधे लोहमार्गाने सुमारे ८० किलोमीटर. जागा पुरत नव्हती म्हणून ही व्यवस्था झालेली नाही. खडकीच्या प्रक्षेपकाची शक्ती काही किलोवॅट होती. हजारो मैलांवरून दौंडला पोहोचणारी लहर मात्र इतकी क्षीण असे, की दोन्ही यंत्रे शेजारी ठेवली असती तर खडकीच्या आवाजात इंग्लंडचा आवाज साफ बुडाला असता. ढोल वाजवणाऱ्याला त्याच क्षणी दूरची बासरी ऐकू येत नाही, तशातला प्रकार. मुंबईतील तारकचेरी जमिनीवरच्या तारांनी दोन्ही केंद्रांना जोडलेली होती. तारयंत्रावरचा माणूस मुंबईत बसे, त्याचा कंठ खडकीला आणि कान दौंडला.

बिनतारी जाळ्याचे सारे शास्त्र या मांडणीत बीजरूपाने आहे. तारेच्या जाळ्यात प्रत्येक दुव्याला स्वतःची तार असते. पुणे-दौंड तारेवरील खडखडाटाने सातारा-कोल्हापूर तारेचे काही बिघडत नाही. बिनतारी जाळ्यात आकाश सर्वांचे एकच. एकाने तोंड उघडले की त्याच्या आसपासच्या प्रत्येक कानावर त्याचा बोजा पडतो. म्हणूनच येथे ‘जोडणी वाढवा, शक्ती वाढवा’ हा सोपा उपाय पुष्कळदा उलटतो.

खडकी-दौंड ही रचना एका लांबलचक साखळीसारखी होती : मुंबई, खडकी, स्केग्नेस, लंडन, परतीला ग्रिम्सबी, दौंड, मुंबई. साखळीचा गुण तिचा वेग. मधल्या ठाण्यांवर संदेश उतरवून पुन्हा चढवणे नाही, आणि दरही समुद्री केबलपेक्षा कमी. साम्राज्यातील बीम सेवांनी केबल कंपन्यांचा इतका धंदा ओढला, की १९२८ साली लंडनमध्ये त्यासाठी स्वतंत्र परिषद भरवावी लागली. दोष तितकाच उघड होता. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युत्‌भारित थरावर आपटून परत येतात. हा थर दिवसरात्र, ऋतू आणि सौर वादळे यांनुसार बदलतो. तो रुसला की साखळी तुटली. १९३२ साली हिंदुस्थानातील बीम आणि केबल या दोन्ही सेवा ‘इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स’ या एका कंपनीखाली आल्या. इतिहासाच्या पुस्तकांत हे व्यापारी विलीनीकरण म्हणून नोंदले जाते, आणि ते तसे होतेही. परंतु संदेशाच्या दृष्टीने त्याचा आणखी एक अर्थ होता. केबल तुटण्याची कारणे समुद्रतळाशी असतात आणि लहर विरण्याची कारणे आकाशात. दोन्ही एकाच दिवशी घडण्याचा संभव कमी. एकाच प्रकारचे दोन दुवे ठेवण्यापेक्षा, निरनिराळ्या कारणांनी तुटणारे दोन दुवे ठेवणे अधिक भरवशाचे असते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला हे ओळखीचे वाटायला हवे, कारण पानिपतची बातमी नेमकी याच पद्धतीने दक्षिणेकडे आली. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो भाऊसाहेबांची छावणी व दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. जासूद आणि डाकेच्या ठाण्यांची सरकारी साखळी दिल्लीमार्गे होती. तो एक दुवा निकामी होताच पुढची शाबूत ठाणी निरुपयोगी ठरली. १४ जानेवारी १७६१ ला युद्ध झाले. नानासाहेब पेशवे सैन्य घेऊन नर्मदेपार माळव्यात होते, आणि त्यांच्या हाती पहिली निश्चित बातमी लागली ती सावकारी कासिदाजवळच्या पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या हिशेबाच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले ते पत्र प्रसिद्ध आहे. चर्चा नेहमी त्याच्या भाषेची होते. खरे तर त्याच्या वाटेची अधिक व्हावी. पेढ्यांच्या जाळ्याला एकच राजधानी नव्हती. प्रत्येक पेढीचा अनेक पेढ्यांशी हुंडीचा व्यवहार, प्रत्येकीचे गुमास्ते आणि कासीद निरनिराळ्या रस्त्यांवर. दिल्लीची वाट बंद झाली तर संदेश दुसऱ्या बाजूने वळत असे, आणि तसे करण्यासाठी कोणाच्या हुकमाची गरज नसे.

अमेरिकेतील रँड संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी १९६४ साली हीच गोष्ट गणिताने मांडली. अणुहल्ल्यानंतरही चालू राहील असे संदेशजाळे कसे बांधावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी तीन आकृत्या काढल्या : सर्व दोऱ्या एका केंद्राला बांधलेली, लहानमोठ्या अनेक केंद्रांची, आणि कोळ्याच्या जाळीसारखी, जिच्यात प्रत्येक गाठ शेजारच्या काही गाठींना जोडलेली आहे. पहिल्या आकृतीत मधली गाठ गेली की सारे गेले. तिसरीत प्रत्येक गाठीला तीन-चार दुवे असले, तरी पुष्कळ गाठी नष्ट होऊनही उरलेल्या एकमेकींशी बोलत राहतात. बॅरन यांना पेढ्यांचे जाळे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; पण तिसरी आकृती त्या जाळ्याची जवळची नातलग आहे.

पहिल्या आकृतीचे उदाहरण आपल्याकडे १९४२ मध्ये सापडते. उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, ४२.३४ मीटरवर. प्रक्षेपक एक, श्रोते अनेक. पोलिसांची शोधयंत्रे लहरीचा माग काढीत, म्हणून प्रक्षेपक पुन्हा पुन्हा जागा बदलत असे. धैर्यात आणि कल्पकतेत काही उणे नव्हते. रचना मात्र अशी होती, की १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री एका खोलीचे दार फुटले आणि ते केंद्र कायमचे मुके झाले.

मग बॅरन यांची जाळी बिनतारी पद्धतीने विणता येईल का? तारा नाहीत, ठरलेले केंद्र नाही, जे यंत्र जेथे आहे तेथून ते जवळच्या यंत्राशी बोलेल आणि दुसऱ्याचा निरोपही पुढे देईल. अशा तात्पुरत्या, स्वयंजुळणीच्या जाळ्याला ‘ॲड हॉक’ जाळे म्हणतात. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन यांचे अलोहानेट १९७१ मध्ये सुरू झाले. ते एका केंद्राभोवतीचेच होते. कोणीही केव्हाही बोलावे, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोलावे, असा त्याचा नियम. या मोकळिकीची किंमत गणिताने निघाली : वाहिनीच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्के कामी येते, बाकीची टकरींत आणि मोकळी जाते. त्यानंतर अमेरिकी संरक्षण खात्याच्या आर्पा या संस्थेने १९७३ पासून ‘पॅकेट रेडिओ’ प्रकल्प हाती घेतला. त्यात मधल्या यंत्रांनी निरोप पुढे द्यायचा होता, आणि काही यंत्रे चालत्या गाडीत होती.

येथे भीमाकाठचा नकाशा पुढे घ्यावा. कल्पना अशी करू, की पुराच्या रात्री मोबाइलचे मनोरे बंद पडले आहेत आणि दौंड, भिगवण, पळसदेव, इंदापूर, टेंभुर्णी या पाच ठिकाणी उंचावर एकेक बिनतारी संच आहे. प्रत्येकाचा आवाज फक्त शेजारच्या ठाण्यापर्यंत पोहोचतो आणि सर्वांची वाहिनी एकच. दौंडने भिगवणला आकडा दिला. आता भिगवण तो पळसदेवला देत असताना दौंडला गप्प बसावे लागेल, कारण भिगवण एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. पुढे पळसदेव इंदापूरशी बोलू लागले, तरीही दौंडने थांबायचे. पळसदेवचा आवाज भिगवणपर्यंत येतो, आणि तेथे दौंडच्या आवाजाशी त्याची टक्कर होईल. इंदापूर टेंभुर्णीशी बोलू लागेल तेव्हा कोठे दौंडला नवा आकडा सोडता येतो. म्हणजे तीन पाळ्यांतील एकच पाळी कामाची, आणि साखळीची क्षमता एका दुव्याच्या एक-तृतीयांश. प्रत्यक्षात आवाज ऐकू येण्याच्या पल्ल्याबाहेरही तो गोंगाट म्हणून पोहोचतो, त्यामुळे हिस्सा याहून कमी भरतो. खडकीचा कंठ आणि दौंडचा कान वेगळे का ठेवले होते, त्याचे हे नवे रूप.

आवाज वाढवून दौंडने थेट इंदापूर गाठले तर? टप्पे कमी होतील. पण तेवढ्या वेळात भिगवण, पळसदेव आणि आसपासचे सारे संच मुके राहतील. आवाज कमी करून मधे आणखी संच पेरले तर? शेजारी कमी दुखावतील, परंतु टप्पे वाढतील, प्रत्येक टप्प्याला वेळ लागेल, आणि मधला एक संच बंद पडण्याचा संभवही वाढेल. शिवाय उजनीच्या पाण्याचे स्वतःचे गुण आहेत. विस्तीर्ण जलपृष्ठ लहरीला आरशासारखे परावर्तित करते. सरळ आलेली लहर आणि पाण्यावरून उसळून आलेली लहर काही ठिकाणी एकमेकींना मारतात. नकाशावर जवळ दिसणारे दोन काठ बिनतारीला दूरचे ठरू शकतात, आणि पाण्याची पातळी बदलली की तेही बदलते.

आता या साखळीतून पळसदेव वगळून पाहावे. वरचे दोन आणि खालचे दोन संच चालू आहेत, तरीही दौंडचा आकडा टेंभुर्णीला मिळणार नाही. पण दक्षिणेला बारामती आणि पलीकडच्या काठाने करमाळा येथे संच असतील, आणि ते वरच्या व खालच्या ठाण्यांना ऐकू येत असतील, तर पळसदेव बंद पडल्यावर निरोप बारामतीवरून किंवा करमाळ्यावरून वळेल. याची किंमतही आहे. प्रत्येक नवा शेजारी हा पर्यायी रस्ता असतो, तसाच आणखी एक गोंगाट करणाराही. शिवाय ‘आत्ता कोणता रस्ता चालू आहे’ हे सर्वांना सतत सांगत राहावे लागते, आणि वाहिनीचा काही भाग या चौकशीतच संपतो.

मग शेजारी असावेत तरी किती? या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक आहे. बेल प्रयोगशाळेतील एडगर गिल्बर्ट यांनी १९६१ मध्ये, पानशेत फुटले त्याच वर्षी, एक निबंध लिहिला. सपाट प्रदेशावर ठाणी कशीही विखुरली आणि प्रत्येकाचा पल्ला सारखा ठेवला, तर निरोप दूरवर जाईल का? त्यांना आढळले, की येथे हळूहळू सुधारणा होत नाही. एक उंबरठा आहे. सरासरी शेजारी त्याहून कमी असतील, तर जाळे लहान लहान बेटांत फुटलेले राहते. उंबरठा ओलांडताच बेटे जुळून एक विशाल जाळे तयार होते. आजच्या गणनेनुसार हा उंबरठा सुमारे साडेचार शेजाऱ्यांचा आहे. १९७८ साली लिओनार्ड क्लाइनरॉक आणि जॉन सिल्व्हेस्टर यांनी दळणवळणाच्या क्षमतेसाठी ‘सहा’ हा जादूचा आकडा सांगितला, आणि तो बरीच वर्षे प्रमाण मानला गेला. २००४ मध्ये फेंग शुए आणि पी. आर. कुमार यांनी दाखवले, की एकही ठाणे एकाकी राहू नये असे वाटत असेल, तर कोणताही कायमचा आकडा पुरणार नाही. ठाण्यांची संख्या वाढेल तशी शेजाऱ्यांची गरजही, अगदी मंद गतीने का होईना, वाढत जाते.

याच कुमारांनी पीयूष गुप्ता यांच्यासह २००० साली या क्षेत्रातील बहुधा सर्वांत गाजलेला निबंध लिहिला होता. त्याचा निष्कर्ष निराशाजनक वाटतो. ठाणी कोठेही कोणाशीही बोलू लागली, तर प्रत्येकाच्या वाट्याची क्षमता ठाण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाहून थोडी अधिक वेगाने घटते. ठाणी शंभरपट झाली, तर प्रत्येकाचा वाटा एक-दशांशाच्याही खाली. कारण साधे आहे : जाळे मोठे झाले की टप्पे वाढतात, आणि प्रत्येक ठाण्याचा बहुतेक वेळ इतरांचे निरोप वाहण्यात जातो. या गणितातून एक सूटही दिसते. बोलणे मुख्यतः शेजाऱ्याशीच असेल, तर जाळे कितीही वाढले तरी ते गुदमरत नाही. पळसदेवला भिगवणचे पाणी ठाऊक असणे निकडीचे आहे. दूरच्या खोऱ्यातील प्रत्येक ओढ्याचे नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. सुमारे १० हजार माणसे मेली. त्या काळी खेड्यातील दूरध्वनी म्हणजे एका एक्स्चेंजमधून निघालेल्या तारा; रचना पुन्हा बॅरन यांची पहिली आकृती. अशा वेळी केंद्र सरकारने भूकंपक्षेत्रात तातडीने धाडलेल्या लोकांत हॅम रेडिओ चालक होते. हौशी म्हणून परवाना काढलेली, स्वतःचे संच बाळगणारी ही माणसे. त्यांच्या कामाची रीत पाहण्यासारखी असते. लांबच्या शहराशी बोलायला लघुलहरी, गावागावांत फिरायला कमी पल्ल्याचे हातसंच, आणि एकाला दुसऱ्याचे ऐकू येत नसेल तर मधल्या तिसऱ्याने निरोप पुढे देणे. ही झाली जाळी. पण अशा ‘नेट’वर एक नियंत्रक ठाणेही नेमलेले असते, कोणी केव्हा बोलायचे ते हे ठाणे ठरवते, आणि तातडीच्या निरोपाला बाकीच्यांनी वाट द्यायची असते. अलोहाच्या टकरींवरचा हा माणसांनी काढलेला उपाय. नियंत्रक बंद पडला तर दुसरा त्याची जागा घेतो, कारण त्याचे स्थान यंत्राने ठरलेले नसते, संमतीने ठरलेले असते. दुव्यांसाठी जाळी आणि शिस्तीसाठी केंद्र अशी ही मिश्र रचना कोणा विद्यापीठात जन्मलेली नाही. आणीबाणीत काम करणाऱ्यांनी ती अनुभवाने घडवली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईकरांच्या खिशात मोबाइल होते आणि पुष्कळांचे ते निरुपयोगी झाले होते. एकाच छपराखाली अडकलेल्या दोघांचे फोनही मनोऱ्यावाचून एकमेकांशी बोलू शकत नव्हते. मोबाइलला आपण बिनतारी म्हणतो. त्याची रचना मात्र जुन्या एक्स्चेंजचीच आहे, फक्त शेवटची तार काढलेली.

भीमा आणि कृष्णा खोऱ्यांत हायड्रॉलॉजी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात पाऊस व पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. ती आपले आकडे मोबाइल किंवा उपग्रहाच्या दुव्याने पुण्याकडे पाठवतात, आणि तेथून धरणांच्या विसर्गाचे अंदाज बांधले जातात. मोबाइल आणि उपग्रह हे निरनिराळ्या कारणांनी तुटणारे दोन दुवे, १९३२ च्या बीम आणि केबलसारखे. एका ठिकाणी सर्व आकडे जमल्याशिवाय साऱ्या खोऱ्याचा हिशेब मांडता येत नाही, म्हणून केंद्र हवेच. गुप्ता-कुमारांचे गणित पाहता, शेकडो ठाण्यांनी एकमेकांमार्फत हे आकडे वाहणे शहाणपणाचेही नाही. परंतु या रचनेत भिगवणची पातळी पळसदेवला कळते ती पुण्यामार्गे. नदीने जेमतेम काही कोसांवर असलेली दोन गावे शंभर किलोमीटरवरच्या शहरातून एकमेकांची खबर घेतात. पुण्याचा दुवा ज्या रात्री तुटेल, त्या रात्री दौंडचा आकडा दौंडलाच राहील. त्या रात्रीपुरता काठाकाठाने शेजाऱ्याला शेजारी जोडणारा दुसरा, संथ, कमी क्षमतेचा दुवा लागेल. त्यावरून फार काही जायचे नाही : ठिकाणाचे नाव, वेळ आणि पाण्याची उंची.